दोन भाषांची एक रंगभूमि



मार्व्याच्या धक्क्यावरून सुटलेली तर थोड्याच वेळांत खाडी ओलांडून मनोरीला लागते. तेवढ्या अवधींत आपण नुसता कान दिला, तरी मुंबईची एक मोठी गंमत ध्यानांत येते. ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतली आजी शेजारणीशीं आपल्या खास वळणाच्या मराठींत बोलत असते; नातू तिला मध्येंच इंग्रजींत कांहीं विचारतो; तिकिटाचा हिशेब हिंदींत होतो. कोणालाहि दुभाष्या लागत नाहीं. परंतु हींच माणसें नाटकाला निघालीं, म्हणजे ज्याच्या त्याच्या भाषेचें नाट्यगृह वेगळें होतें. जी सरमिसळ तरींत सहज साधते, ती रंगभूमीवर कां साधूं नये? हा प्रश्न कृतीनें विचारणाऱ्या एका नाट्यसंस्थेची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

संस्थेचें नांव थिएटर युनिट. इब्राहिम अल्काझी यांनीं ती १९५४ सालीं मुंबईंत स्थापन केली. त्यांची नाटकें मुख्यतः इंग्रजी असत. १९६२ सालीं ते राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची सूत्रें हातीं घेण्यासाठीं दिल्लीस गेले आणि संस्थेची धुरा सत्यदेव दुबे यांजकडे आली. दुबे मूळचे बिलासपूरचे, हिंदी भाषेंत वाढलेले. मुंबईस आले ते क्रिकेटपटू होण्याची उमेद धरून. रमले मात्र रंगभूमीवर! धर्मवीर भारतींचें ‘अंधा युग’ त्यांनीं १९६२ सालीं रंगभूमीवर आणलें आणि संस्थेची वाट बदलली. पुढें ते मराठी शिकले आणि मराठींतहि नाटकें बसवूं लागले.

हें साहस आपल्याकडे अगदींच अपूर्व होतें असें नाहीं. तंजावरचे शहाजीराजे भोसले यांनीं तीन शतकांपूर्वीं ‘पंचभाषाविलास’ नाटक रचलें. त्यांत संस्कृत, मराठी, हिंदी, तेलुगु आणि तमिळ अशा पांच भाषा एकत्र नांदतात. दुबे यांची रीत निराळी. एकाच प्रयोगांत भाषांची खिचडी न करितां, एका भाषेंतलें उत्तम नाटक दुसऱ्या भाषेच्या उंबरठ्याआंत सन्मानानें नेऊन बसवावयाचें, ही त्यांची कामाची पद्धत. गिरीश कर्नाडांचें ‘हयवदन’ घ्या. लेखन कन्नड, प्रयोग हिंदी, भूमिका करणाऱ्यांत पंजाबी घरचे अमरीश पुरी आणि मराठी घरचे अमोल पालेकर, आणि समोर मुंबईचा प्रेक्षक!

आपल्या विजय तेंडुलकरांचें ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हें नाटक ‘रंगायन’नें १९६७ सालीं प्रथम सादर केलें. तें दुबे यांनीं ‘खामोश! अदालत जारी है’ या नांवानें हिंदींत नेलें, आणि १९७१ सालीं त्यावर मराठी चित्रपटहि त्यांनींच दिग्दर्शित केला. हिंदी माणसानें मराठी नाटक हिंदीस द्यावें आणि पुन्हां मराठींतच त्याचा चित्रपट करावा, हा व्यवहार देण्याघेण्याच्या नेहमींच्या हिशेबांत बसणारा नव्हे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्याजोगा नाहीं. बेणारेबाईंच्या तोंडची मध्यमवर्गीय मराठी, तिचे टोमणे, तिचीं अर्धवट सोडलेलीं वाक्यें, हीं दुसऱ्या भाषेंत तशींच्या तशीं कशीं उतरणार? उतरत नाहींत, हें मान्य केलें पाहिजे. कांहीं रस वाटेंत सांडतोच. पण घरच्या प्रेक्षकाला जो विनोद ओळखीचा म्हणून हंसवितो, तो परक्या सभागृहांत निःशब्द झाला, म्हणजे त्याच्या आड लपलेलें क्रौर्य उघडें पडतें. नटालाहि सवयीच्या हेलावर आणि हमखास टाळीवर विसंबतां येत नाहीं. त्याला पात्राचें मन नव्यानें शोधावें लागतें.

अशा संस्थेला दुःख एकच असतें. मराठी प्रेक्षक तिला हिंदीची समजतो, हिंदी प्रेक्षक मराठीची. दोघांच्याहि प्रेमाला ती पारखी होते. थिएटर युनिटला स्वतःचें नाट्यगृह नव्हतें. ताडदेवचें वालचंद टेरेस, दादरची छबिलदास शाळा, १९७८ नंतर जुहूचें पृथ्वी, अशा ठिकाणीं दुबे यांचें काम चाललें. २५ डिसेंबर २०११ रोजीं ते निवर्तले. एका माणसाच्या जिद्दीवर उभें राहिलेलें कार्य त्या माणसामागें टिकवावयाचें, तर प्रेक्षकानेंच त्याचा वारसा घ्यावा लागतो.

पृथ्वी थिएटरचा पडदा पहिल्यानें उघडला तो गोविंद पुरुषोत्तम देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ या मराठी नाटकाच्या हिंदी प्रयोगानें. त्याचा आपणांस अभिमान वाटतो, वाटावाहि. पण त्या अभिमानाची परतफेड आपण किती करितों? दुसऱ्या भाषेंतून मराठींत आलेलें नाटक पाहण्यास आपल्या घरांतून कितीजण आवर्जून जातात? पाहुणचार घेणाऱ्यानें कधीं तरी यजमानहि व्हावयाचें असतें. पुढच्या रविवारीं नाटकाचें तिकीट काढतांना एवढें स्मरण ठेवावें, इतकीच आपणांस विनंती.