नवतारा आणि नोंदवही
(महोत्सवानिमित्त इचोडा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या प्रसंगी दात्यांचे आणि इमारतींचे स्मरण होते, ते योग्यच आहे. परंतु ज्याला ना मोठी देणगी लागते, ना इमारत, अशा एका कामाविषयी आम्ही आज चार शब्द बोलणार आहोत. ते काम म्हणजे रूपविकारी ताऱ्यांवर पहारा ठेवणे.

बहुतेक तारे आपल्याला नेहमी सारखेच दिसतात. ज्यांचे तेज कमीजास्त होते ते रूपविकारी. त्यांतले काही थोडे तारे वर्षानुवर्षे मंद राहून एखाद्या रात्री एकाएकी भडकतात. असा तारा जोडीने राहतो. जोडीतला एक जुना, आकसलेला आणि अतिशय घन असा श्वेतबटू असतो. तो शेजाऱ्याचा हायड्रोजन वायू ओढून अंगावर साठवीत जातो आणि थर पुरेसा दाट व तप्त झाला की त्याचा स्फोट होतो. तारा मात्र शिल्लक राहतो आणि साठवण पुन्हा सुरू होते.

उत्तर मुकुटातला असा एक तारा १८६६ साली आणि पुढे १९४६ साली भडकला. एरवी तो दहाव्या प्रतीचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. स्फोटात तो दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत चढला आणि थोड्याच दिवसांत पुन्हा दिसेनासा झाला. दोन स्फोटांत ऐंशी वर्षांचे अंतर! माणसाच्या आयुष्यात एकदाच यावा, असा हा योग.

अमेरिकेतील ओहायो येथील लेस्ली पेल्टियर या शेतकऱ्याच्या मुलाने स्ट्रॉबेरी वेचून मिळालेल्या पैशांतून पहिली दुर्बीण घेतली होती. या ताऱ्यावर त्यांनी पंचवीस वर्षे नजर ठेवली. १९४६ च्या फेब्रुवारीत एका पहाटे ते उठले, पण पडसे येणारसे वाटले म्हणून पुन्हा झोपले. नेमक्या त्याच रात्री तारा भडकला! तरी त्या पंचवीस वर्षांतल्या नोंदी वाया गेल्या असे कोणी म्हणणार नाही. 'आज काही झाले नाही' हीदेखील नोंदच असते. तिच्यावाचून स्फोट केव्हा सुरू झाला हे ठरविता येत नाही.

आपल्या देशाचा या कामाशी संबंध जुना आहे. वृश्चिक राशीतला असाच एक तारा मद्रास वेधशाळेत नॉर्मन पॉगसन यांना १८६३ साली दिसला. तो साधारण दहा वर्षांनी भडकतो व फार लवकर मंदावतो. २८ जानेवारी २०१० रोजी त्याचा स्फोट प्रथम टिपला तो फ्लोरिडातील बार्बरा हॅरिस व शॉन ड्वोराक या दोघा हौशी निरीक्षकांनी.

बंगालमधील जेसोरच्या सरकारी खजिन्यात राधागोविंद चंद्र हे साधे नोकर होते. प्रवेश परीक्षा त्यांना तीनदा देऊनही उत्तीर्ण होता आली नाही. १९१८ साली गरुड राशीतला नवतारा त्यांनी स्वतंत्रपणे पाहिला. त्यानंतर रूपविकारी ताऱ्यांच्या सदतीस हजारांहून अधिक नोंदी त्यांनी अमेरिकेतील निरीक्षक-संघटनेकडे पाठविल्या. त्या संघटनेने १९२६ साली त्यांना सहा इंची दुर्बीण दिली. हीच दुर्बीण पुढे वेणू बाप्पूंच्या हाती आली. बाप्पू वाढले ते हैदराबादेत. त्यांचे वडील तेथील निजामिया वेधशाळेत काम करीत, आणि विद्यार्थी असतानाच बाप्पूंनी रूपविकारी ताऱ्यांच्या वेधांवर लेख प्रसिद्ध केले. १९५६ पर्यंत आपला आदिलाबाद जिल्हा त्याच हैदराबाद राज्यात होता, हे येथील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. पुण्यात १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी मंडळींनीच उभी केली.

कोणी विचारील, आता यंत्रे सारे आकाश टिपीत असताना आपले काय काम? पण यंत्रालाही ढग आडवे येतात, आणि फार तेजस्वी ताऱ्यांनी त्याचे डोळे दिपतात. शिवाय अमेरिकेत दिवस असतो तेव्हा रात्र आपल्याकडे असते. पहाऱ्याची ही पाळी आपली आहे. ती चुकली तर त्या घटकेचा प्रकाश पुन्हा येत नाही.

आरंभाला दुर्बीणही नको. मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी तारा घ्या. २०१९-२० च्या हिवाळ्यात तो इतका मंदावला की नुसत्या डोळ्यांनाही फरक कळला. रोहिणी आणि प्रश्वा या शेजाऱ्यांशी त्याचे तेज ताडून पाहावे आणि तारीख, वेळ व अंदाज लिहावा. आकाश ढगाळ असेल तर तसे लिहावे. जे दिसले तेच लिहावे, दिसावेसे वाटले ते नव्हे.

मंडळी, इचोड्याच्या भोवती डोंगर आहेत, रान आहे. गावाच्या दिव्यांपासून थोडे दूर गेले की हिवाळ्यात आकाश स्वच्छ मिळते. आमची विश्वस्तांना एवढीच विनंती आहे की, या महोत्सवाची आठवण म्हणून संस्थेने एक जाड नोंदवही घ्यावी आणि ती येथील मुलामुलींच्या हाती द्यावी. पहिली शंभर पाने 'विशेष काही नाही' एवढ्यानेच भरतील. भरू द्यावीत. संस्थेचे कामही अशाच साध्या, नेमाने केलेल्या नोंदींवर आजवर चालत आले आहे.