रिंगा दाबायचा पट्टा



शाळेला भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरतंय. माझं ऐकाल तर टेक्निकलच्या वर्कशॉपला रिंग कॉम्प्रेसर द्या. पिस्टनच्या रिंगा बहुधा बिडाच्या, आणि मोकळ्या असताना बोअरपेक्षा मोठ्या. पोरं त्या स्क्रू ड्रायव्हरनं दाबत आत सारतात. मग रिंग तुटते, बोअरला चरा पडतो, बोटं कापतात ती वेगळीच. हा पोलादी पट्टा रिंगांभोवती आवळायचा. आधी ऑइल लावून, रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ न देता. मग हातोडीच्या लाकडी दांड्यानं पिस्टन हलकेच ठोकायचा. अडला, की थांबायचं. जोर लावायचा नाही. सोबत रिंग एक्स्पांडर आणि फिलर गेजही घेऊ. घड्याळं शाळेत चार आहेत, त्यातली दोन बंद!