आधी ठरवू, मग विचारू

(येरमाळा येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून फळ्यावर ‘पुढच्या तीन वर्षांचं नियोजन’ असं लिहून ठेवलंय. त्याखाली तुम्ही सुचवलेली कामं आहेत: बचत गट वाढवणं, दारूबंदी, एकट्या बायकांच्या नावावर जमीन, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं आरोग्य. चारही कामं खरी आहेत. पण आपण पंधरा-वीस जणी, त्यातल्या निम्म्या दिवसभर रानात राबून मग संघटनेचं काम करणाऱ्या. सगळं धरलं तर एकही तडीला जाणार नाही. मग निवड कशावरून करायची? जिचा आवाज मोठा तिच्या म्हणण्यावरून, की ज्या कामाला यंदा पैसे मिळतायत त्यावरून? बऱ्याच संस्थांचं नियोजन या दुसऱ्या रीतीनं होतं, हे आपल्या आपल्यात बोलायला हरकत नाही.

तिसरी रीत म्हणजे माहितीवरून. पण ‘सर्व्हे’ म्हटलं की बाया दार लोटून घेतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. वही घेऊन येणारा परत तोंड दाखवत नाही, हा त्यांचा अनुभव आहे.

याच्या उलट घडलेलं आपल्याच जिल्ह्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादला भूकंप झाला, जवळपास आठ हजार माणसं गेली. ५२ गावं उठवून दुसरीकडे बसवली. त्याशिवाय हजारावर गावांत घरं जागच्या जागी दुरुस्त करून मजबूत करायची होती. त्या कामात प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग संस्थेनं गावातल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणलं. सरकारची योजना घरोघर समजावायची आणि घरोघरची अडचण सरकारी माणसापर्यंत न्यायची, असं दुहेरी काम. विचारणारी बाई त्याच आळीतली होती, आणि तिला दिलेल्या उत्तरावर भिंतीचं काहीतरी ठरणार होतं. म्हणून लोक तिच्याशी बोलले.

माझं म्हणणं एवढंच आहे की कागदावर प्रश्न लिहिण्याआधी त्याच्या पुढे लिहा, ‘याचं उत्तर कळल्यावर आपण काय वेगळं करू?’ काही लिहिता आलं नाही, तर तो प्रश्न खोडा.

महिला किसान अधिकार मंचानं २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांतल्या ५०५ बायकांना गाठून विचारलं. त्यात ४० टक्के बायकांना, नवरा कसत होता त्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. ३३ टक्के बायकांना आपल्याला पेन्शन मिळू शकते हेच माहीत नव्हतं. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. जमिनीचं काम म्हणजे तलाठी, फेरफार, दीर, सासरा. त्याला वर्षं जातील, एखादी बाई घराबाहेरही काढली जाईल, तिच्या राहण्याची सोय आधी बघावी लागेल. पेन्शनचं काम एका उन्हाळ्यात गावोगाव बैठका घेऊन पुष्कळ पुढे जातं. कुठल्या कामाला किती जणी लावायच्या, हे असं उमगतं. पुढे जून २०१९ मध्ये राज्य शासनानं या बायकांसाठी शासन निर्णय काढला. आकडे हातात घेऊन भांडणाऱ्यांना टाळणं जरा जड जातं.

आता ऊसतोडीचं. २०१९ मध्ये गर्भपिशवीचा प्रश्न विधिमंडळात गेला. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हा आकडा बीडचा. आपल्या कळंब-वाशी-भूमच्या बायाही त्याच फडात, त्याच कोयत्यावर जातात. दिवस बुडाला की त्यांनाही खाडा लागतो. जिल्ह्याची हद्द ओलांडली म्हणून दुखणं बदलत नाही. आपल्या गावांची माहिती आपण काढायला हवी.

ती केव्हा काढायची? मघाशी कुणीतरी डिसेंबर सुचवला. डिसेंबरात गावात म्हातारी माणसं आणि मागे ठेवलेली पोरं भेटतील. बाया फडावर असतील, आणि आपल्या कागदावर येईल की गावात असा काही त्रास नाही. त्या परततात उन्हाळ्याच्या तोंडाला. चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेत चुनखडीचे खडे वेचायला आपल्याच गावांतल्या किती बाया दिसतात ते आठवा. यात्रेच्या गर्दीत असलं दुखणं कोण सांगेल? पण यात्रा पांगली की पुढचे काही आठवडे आपले. पावसाळ्यात मुकादम उचल वाटायला लागतो आणि एकदा उचल घेतली की बाईला बोलायची सोय उरत नाही. मुकादमाशी खाड्याबद्दल, पाळीतल्या सुट्टीबद्दल जे काही बोलायचं ते उचलीच्या आधीच. म्हणजे माहिती पहिल्या पावसाआधी मांडून झाली पाहिजे. उशिरा आलेली माहिती अहवालाला उपयोगी पडेल, बाईला नाही.

विचारायचं कसं, तेही बघा. ‘ऑपरेशनच्या वेळी वय किती होतं?’ याला अंदाजे उत्तर येतं. ‘तेव्हा थोरल्या पोरीचं लग्न झालं होतं का?’ असं विचारलं की ती बरोबर सांगते. ‘उत्पन्न किती?’ यापेक्षा ‘उचल किती घेतली, आणि फिटली का?’ हे विचारा. कागदावर नाव लिहू नका, फक्त खूण घाला; नावांची वही एकीकडेच, कुलपात. सासू शेजारी बसली असेल तर तो प्रश्न त्या दिवशी सोडून द्या.

जे दप्तरात आहे ते बाईला विचारून तिचा वेळ घेऊ नका. घर कुणाच्या नावावर, हे ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यात मिळतं. ग्रामसेवक दाखवत नसेल तर माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत.

आणि जमलेली माहिती आधी त्याच आळीत वाचून दाखवायची, मग तहसीलला. वाचताना बाया म्हणतील, “हे असं नाही, तसं आहे.” ती दुरुस्ती तिथेच लिहून घ्या. माझ्या अनुभवात सगळ्यात कामाचं याच वेळी कळतं. पहिल्या भेटीत गप्प बसलेली बाई शेजारणीचं ऐकून बोलायला लागते.

आता चहा घेऊ आणि गावांप्रमाणे बसू. दर गटानं पाचच प्रश्न काढायचे, आणि प्रत्येकापुढे त्यावरून काय ठरवणार ते लिहायचं. सहावा सुचला, तर पाचातला कुठला गाळायचा ते गटानं ठरवावं.