सौद्यातील पहिला आकडा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आपण आजवर थोर विद्वानांचे विचार ऐकले. त्यांच्या पंक्तीत एका कापड व्यापाऱ्याला उभे करण्याचे धाडस विश्वस्तांनी केले आहे. माझे शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे, उरलेले दुकानाच्या गादीवर झाले. तेव्हा गादीवरच्या विषयावरच बोलणे मला शोभेल. भाव ठरविणे, म्हणजे साध्या भाषेत घासाघीस, हा तो विषय.

माझ्या मुलाने व्यवस्थापनशास्त्राची पदवी घेतली. त्याची पुस्तके मी सवडीने चाळू लागलो, तेव्हा हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये वाटाघाटी, संघटना आणि बाजारपेठा यांच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे हे वाचून मला हसू आले. जे आम्ही वडिलांशेजारी बसून शिकलो, त्यावर तिकडे प्रयोग होतात आणि प्रबंध लिहिले जातात! पण वाचत गेलो, तसे ते हसू मावळले.

अमेरिकेत ॲरिझोना प्रांतात टूसॉन नावाचे शहर आहे. नॉर्थक्राफ्ट आणि नील या दोन संशोधकांनी तेथे घरविक्रीच्या अनुभवी दलालांना व काही विद्यार्थ्यांना एक घर दाखविले आणि त्याच्या किमतीचा अंदाज विचारला. सर्वांच्या हाती माहितीचे कागद एकसारखेच होते, फरक फक्त मालकाने मागितलेल्या किमतीत होता. कोणाच्या कागदावर ६५,९०० डॉलर, तर कोणाच्या कागदावर ८३,९००. ज्याच्या कागदावर मोठा आकडा, त्याचा अंदाजही वर गेला. दलालांचाही गेला! आणि गंमत अशी, की मागितलेल्या किमतीचा विचार आपण केला, हे त्यांच्यातील फारच थोड्यांनी मान्य केले. हा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. आपल्यापैकी जुन्या कापड दुकानदारांना आठवत असेल, ताग्याच्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव आपण सांकेतिक अक्षरांत लिहीत असू, कारण तो आकडा गिऱ्हाइकाच्या नजरेस पडला की पुढची बोलणी त्याच्याभोवतीच फिरत. आपल्याला विद्या होती, तिला नाव नव्हते एवढेच.

आता याच विद्येचा मी केलेला एक उपयोग सांगतो. तो सांगण्यासारखा नाही, पण सांगितल्यावाचून पुढचे कळणार नाही.

१९९४ सालची दिवाळी जवळ आली होती. इचलकरंजीचा एक विणकर कोऱ्या कापडाचे नमुने घेऊन माझ्याकडे आला. त्याचे आठ माग होते, माल स्वच्छ, पन्हा बिनचूक. सूतवाल्याचे देणे त्याच्या अंगावर आले आहे आणि आठवड्यात पैसे भरावे लागणार आहेत, हे दलालाने मला आधीच कानात सांगितले होते. तो तोंड उघडण्यापूर्वी मी म्हणालो, "मीटरला दहा रुपये." त्याच्या मनात बारा होते. पाऊण तास बोलणे झाले आणि साडेदहाला सौदा तुटला. चहा आला, तो त्याने घेतला नाही. त्या रात्री मी घरी येऊन हा सौदा कौतुकाने सांगितला होता.

रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांचे वाटाघाटींवरील पुस्तक १९८१ साली निघाले. सौदा फिसकटला तर आपल्यापाशी दुसरी वाट कोणती, यावर माणसाचे बळ अवलंबून असते, असे ते सांगते. त्या दिवशी विणकरापाशी दुसरी वाट नव्हती, आणि ते मला ठाऊक होते. मापात खोट हा अचौर्याणुव्रताचा अतिचार, हे आपण सारे लहानपणापासून ऐकतो. माझी मीटरपट्टी सरळ होती.

पुढच्या वर्षी लग्नसराईत मालाची टंचाई झाली. मी दलालाला त्याच विणकराकडे पाठविले, भावही बाजारापेक्षा चढा देऊ केला. त्याने माझ्यापेक्षा पंचवीस पैसे कमी देणाऱ्याला माल घातला. दलाल परत येऊन म्हणाला, "शेठ, त्याला तुमच्या गादीवर पुन्हा बसायचे नाही."

हा मूर्खपणा आहे, असे मी तेव्हा म्हणालो. नफा सोडणारा माणूस मला कळेना. तो कळला पुष्कळ वर्षांनी, जर्मनीतल्या एका प्रयोगामुळे. व्हेर्नर ग्यूट आणि त्यांचे सहकारी यांनी १९८२ साली तो प्रसिद्ध केला. दोन अनोळखी माणसांपैकी एकाला काही रक्कम देतात. त्यातील किती वाटा दुसऱ्याला द्यायचा हे त्याने एकदाच सांगायचे. दुसऱ्याने होकार दिला तर तशी वाटणी होते, नकार दिला तर दोघांनाही काही मिळत नाही. हिशेबाने पाहता, एक रुपया मिळाला तरी तो शून्यापेक्षा बरा. पण असे प्रयोग अनेक देशांत झाले, तेव्हा पाचव्या हिश्शापेक्षा कमी वाटा देऊ केल्यास तो बऱ्याच वेळा धुडकावला गेला. मला शंका आली, की चिल्लर रकमेवर मानी होणे सोपे आहे. लिसा कॅमेरॉन यांनी इंडोनेशियात जवळपास तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम ठेवून हाच खेळ खेळविला. नकार कमी झाले हे खरे, पण वाटा देणारे मात्र तेथेही हात आखडून बसले नाहीत.

याहून मनाला लागला तो २००९ सालचा एक अभ्यास. एम.आय.टी.चे जेरेड कर्हन आणि त्यांचे सहकारी यांनी व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना नोकरीच्या पगाराची बोलणी झाल्यावर विचारले, की या बोलण्यांत तुम्हाला कसे वागविले गेले? वर्षभराने पुन्हा विचारणा केली. नोकरीत समाधान आहे की सोडून जावेसे वाटते, याचा मेळ बोलण्यांच्या वेळच्या भावनेशी बसला, मिळालेल्या पगाराच्या आकड्याशी बसला नाही.

माझ्या वहीत त्या सौद्याचा नफा जमेकडे आहे. विणकर गेला, याची नोंद कोठेच नाही.

मुलाला हे पटत नाही. तो म्हणतो, "बाबा, त्या वर्षी तुम्ही बारा दिले असते, तर तो पुढच्या वर्षी आला असता याची खात्री काय?" खात्री नाही, हे मला कबूल आहे. हल्ली नवा विणकर आला, की पहिला आकडा मी त्यालाच बोलू देतो. पहिला आकडा सांगणाऱ्याचा बहुधा फायदा होतो, असे त्याची पुस्तके सांगतात, म्हणून तो चिडतो. आमच्या घरात या वादाचा निकाल अद्याप लागलेला नाही.

त्या विणकराने पुढे माग विकले, असे कानावर आले. एकदा इचलकरंजीस जाऊन त्याला भेटावे, असे पुष्कळदा मनात येऊन गेले. अजून गेलो नाही.