बांध सरकवण्याआधी

विंडोज तसंच ठेवून त्याच संगणकावर शेजारी लिनक्स बसवणं, हा आजचा विषय. वेळ थोडा आहे आणि त्यातला निम्मा मी एकाच गोष्टीवर घालवणार आहे, तेव्हा ती आधीच सांगून टाकतो: डिस्कला हात लावण्यापूर्वी आपल्या फायलींची नक्कल वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा. "हे काय, माहीत आहे की!" असं तुम्ही म्हणाल. माहीत सगळ्यांना असतं. करायचं मात्र राहून जातं.

लिनक्सकडे वळण्याचं कारण आज पुष्कळ घरांत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा. त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी संगणक एकाएकी म्हातारे ठरले. अशा यंत्रावर लिनक्स मिंट ही लिनक्सची एक आवृत्ती मजेत चालते. ४ जीबी रॅम आणि २० जीबी जागेत भागतं, १०० जीबी दिली तर ऐसपैस. हे इंजिनिअर मंडळींचं काम, ही समजूतही सोडून द्या. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच संगणक शिकत आली आहेत. मग विंडोज काढूनच का टाकू नये? कारण टॅली, फोटोशॉप, ऑटोकॅड लिनक्ससाठी निघत नाहीत. डीटीपीवाल्यांच्या जुन्या फायली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत अडकलेल्या आहेत. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारी वाइन नावाची सोय आहे, पण मार्चअखेरीचे हिशेब तिच्या भरवशावर कुणी सोडू नयेत. म्हणून दोघं शेजारी-शेजारी नांदवणं हाच पहिल्या खेपेचा शहाणपणाचा मार्ग.

आता शेजारी नांदवायचं म्हणजे डिस्कची वाटणी आली. एकाच शेतात दोन भाऊ वेगळे होतात तसंच हे. विंडोजकडे सगळं रान आहे. त्यातला तुकडा काढून धाकट्याला द्यायचा, म्हणजे बांध सरकवायचा. कोणाचा तुकडा कुठून कुठवर, याची नोंद डिस्कच्या एका कोपऱ्यात असते. तिला या शेताचा सातबारा समजा. गंमत अशी, की ही नोंद बिघडली तरी जमीन जागच्या जागी असते, पीकही असतं, फक्त ते कुणाचं आणि कुठवर हे सांगता येत नाही. तुमचे फोटो डिस्कवर असतात आणि तरी सापडत नाहीत, ते असं. आणि आपण हा बांध कधी सरकवतो? रान मोकळं असताना नव्हे, उभं पीक असताना. मुलांचे फोटो, घराची कागदपत्रं, दुकानाचे हिशेब सगळं त्या रानात उभं आहे, आणि त्यातून आपण नांगर घालणार. कामाची हत्यारं चांगली आहेत, बहुतेक वेळा काही होत नाही, हे कबूल. पण विंडोजचा तुकडा, म्हणजे विभाग, लहान करण्याचं काम निम्म्यावर असताना वीज गेली तर? आपल्याकडे हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. शहाणा शेतकरी आधी पीक काढून खळ्यावर नेतो, मग बांधाला हात घालतो.

आणि खळं कुठे असावं? इथेच सगळे चुकतात, म्हणून जरा कान देऊन ऐका. "माझं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे, सी ला काही झालं तरी चिंता नाही," हे वाक्य आपल्याकडे घरोघर ऐकू येतं. बहुतेक लॅपटॉपांत सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन नावं असतात. एकाच रानातले दोन वाफे! रानात पाणी शिरलं तर ते वाफा विचारून शिरत नाही. त्यात लिनक्सला ही सी-डी ची भाषा ठाऊकच नाही. त्याच्या पडद्यावर 'एसडीए-१', 'एसडीए-२' किंवा 'एनव्हीएमई'ने सुरू होणारी लांबलचक नावं येतात, आणि आपला डी त्यातला कोणता, हे नवख्याला निव्वळ आकारावरून ओळखावं लागतं. मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये एक पडदा येतो. त्यावर एक पर्याय असतो 'इन्स्टॉल अलाँगसाइड', म्हणजे विंडोजच्या शेजारी बसवा. दुसरा 'इरेज डिस्क', म्हणजे डिस्क पुसून बसवा. हा दुसरा पर्याय सी, डी, ई असा भेद करत नाही. सगळं रान एकजात साफ. आणि कधीकधी तो 'शेजारी'वाला पर्याय पडद्यावर दिसतच नाही, उदाहरणार्थ विंडोजने बिटलॉकरची कुलपं घातलेली असतील तेव्हा. मग घाईतला माणूस जे समोर दिसतं त्यावर टिचकी मारतो. तेव्हा पुन्हा सांगतो: डी ड्राइव्हवरची नक्कल ही नक्कलच नव्हे. वेगळी डिस्क, वेगळी तार, आणि लिनक्स बसवताना ती तार उपसून बाजूला ठेवलेली.

यावर पहिला आक्षेप येतो, "आमचं सगळं क्लाउडवर आहे." असेल, चांगलंच आहे. पण तिथे सगळं गेलंय का, की फक्त मोबाइलमधले फोटो गेलेत? डेस्कटॉपवरच्या फायली, टॅलीचा डेटा, मेलची साठवण हे आपोआप गेलंच असेल असं नाही. शिवाय या सेवा समक्रमण करतात. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं, आणि कचरापेटीत ते ठरावीक दिवसच राहतं. दुसरा आक्षेप जाणकारांचा: "वाटणी हवीच कशाला? विंडोजच्या आतच व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स चालवा." नुसती ओळख करून घ्यायला तेही ठीक, पण जुन्या संगणकाची रॅम दोघांत वाटली की दोघंही उपाशी, आणि आपलं वाय-फाय, आवाज, प्रिंटर लिनक्सशी जुळतात की नाही हे नीट कळतच नाही. त्यापेक्षा पेनड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह चालवून पाहा. डिस्कला धक्का न लावता सगळं तपासता येतं; मराठी टायपिंगसुद्धा तिथेच करून बघा. थोडं हळू चालेल, तो पेनड्राइव्हचा दोष. मात्र एक लक्षात ठेवा, लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार करताना त्यावर आधी असलेलं सगळं पुसलं जातं. तेव्हा नक्कल एकीकडे आणि लिनक्स दुसरीकडे. एकाच पेनड्राइव्हवर दोन्ही कामं करायला जाल तर नक्कलही गेली.

तिसरा आक्षेप असा, की "सगळं काळजीपूर्वक केलं तर धोका कसला?" ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजचं एक सुरक्षा-अपडेट आलं आणि त्यानंतर दोन्ही प्रणाली असलेले कित्येक संगणक लिनक्समध्ये सुरूच होईनात. त्या लोकांनी काही चुकीचं केलं नव्हतं. फायली जागेवर होत्या, पण अशा वेळी घाबरून माणूस जी दुरुस्ती करायला जातो, तिच्यात फायली जातात. खळ्यावर पीक असेल तर तो घाबरत नाही, शांतपणे वाट शोधतो. नक्कल काढल्याचा खरा फायदा हा.

वेळ संपत आला, उरलेलं भरभर सांगतो. विंडोजचा विभाग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करा. फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं आणि त्याच्या विभागात लिनक्सला नीट लिहिता येत नाही. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, त्याच संगणकातल्या फायलीत नको. लिनक्समधून विंडोजमध्ये आलात आणि घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर दचकू नका. संगणकाच्या आतलं घड्याळ लिनक्स जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज ती आपली स्थानिक वेळ समजतं; एका आज्ञेने हे सुधारतं, ती आज्ञा... असो, ती सांगायला आता वेळ नाही. दोघांच्या समाईक फायलींसाठी तिसरा विभाग ठेवावा का, हेही राहिलं.

पण नक्कल काढल्यावर तिच्यातल्या पाच-दहा फायली दुसऱ्या संगणकावर उघडून बघायला विसरू नका. न उघडणारी नक्कल काय कामाची? म्हणून विनंती एवढीच: या रविवारी लिनक्स बसवू नका. या रविवारी नक्कल काढा. लिनक्स कुठे पळून जात नाही, ते पुढच्या रविवारी बसवा.