सोंगाड्याचे स्वातंत्र्य
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या आवडीच्या विषयावर चार शब्द बोलावेत, असे चिटणीसांनी आम्हांस कळविले, तेव्हा त्यांच्या मनात संतवाङ्मय किंवा शुद्धलेखन या दोहोंपैकी एखादा विषय असावा. मॅट्रिक आणि शिक्षकाची पदविका एवढ्याच भांडवलावर आयुष्यभर खडू झिजविलेल्या मनुष्याकडून दुसरी कसली अपेक्षा करावी? तथापि आज आम्ही बोलणार आहोत ते कृष्णा खंडेराव कोंडके, अर्थात दादा कोंडके, यांच्याविषयी.

नाव उच्चारताच मागील रांगांत हशा पिकला आणि पुढील रांगांतील काही कपाळांवर आठ्या पडल्या, हे आम्हांस येथून दिसत आहे. दोन्ही गोष्टी स्वाभाविक आहेत. किंबहुना या दोन रांगांमधील अंतर, हाच आमच्या भाषणाचा विषय आहे.

आम्ही सातवीत असताना गावच्या जत्रेत तंबूचा सिनेमा आला आणि त्यात 'सोंगाड्या' लागला. वडिलांची सक्त मनाई होती. आम्ही तंबूच्या कनातीखालून आत शिरलो आणि चित्रपट पाहिला. घरी जो प्रसाद मिळाला त्याचे वर्णन करीत नाही. पण मार खाताना मध्येच हसू आल्याने तो दुप्पट झाला, एवढे सांगितले पाहिजे. त्या चित्रपटातील भोळा नाम्या तमाशाच्या नादी लागतो आणि त्याची आई त्याला घराबाहेर काढते. पडद्यावरची आई आणि आमचे वडील यांचे मत एकच होते, ही गोष्ट आमच्या लक्षात यावयास मात्र पुढे पन्नास वर्षे जावी लागली.

दादांचा जन्म १९३२ चा, मुंबईच्या गिरणगावातला. मूळ घराणे भोरकडचे आणि घरात गिरणीकामगाराची मिळकत. तरुणपणी त्यांनी 'अपना बाजार'मध्ये तुटपुंज्या पगारावर नोकरी केली, बँडपथकात वाद्य वाजविले, सेवादलाच्या कलापथकात कामे केली. ऐन उमेदीत जवळची माणसे एकामागून एक गेली. असा आघात झालेला मनुष्य लोकांना हसविण्याचा धंदा पत्करतो, हे वरवर विचित्र दिसते. परंतु आमच्या अनुभवास असे आले आहे, की ज्याच्या घरी दुःख मुक्कामास येऊन गेले त्यालाच हसण्याची खरी किंमत कळते.

१९६५ साली वसंत सबनीस यांचे 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य रंगभूमीवर आले, आणि त्यातील हवालदाराच्या भूमिकेने दादांचे नाव घरोघरी पोहोचले. त्याचे दीड हजारांवर प्रयोग झाले. येथे तमाशातील सोंगाड्या म्हणजे काय, हे आपल्या मुलाबाळांसाठी थोडे सांगितले पाहिजे. गण, गवळण, बतावणी आणि वग असा तमाशाचा क्रम. गवळणीत पेंद्या आणि मावशी, वगात राजा, प्रधान, शिपाई. या सर्वांत सोंगाड्याला पाठ केलेले संवाद फारसे नसतात. समोर कोण बसले आहे आणि गावात काल काय घडले, हे पाहून तो ऐनवेळी बोलतो. राजाला तोंडावर खरे ऐकविण्याची मुभा साऱ्या दरबारात त्याला एकट्याला असते. लिहून दिलेले बोलणारा नट आणि स्वतःच्या अक्कलहुशारीवर बोलणारा सोंगाड्या, यांतील भेद येथे आहे. दादांनीही प्रयोगाप्रयोगाला ताज्या राजकारणावर नवनवे टोले हाणले.

आशाबाई भोसले यांनी त्यांचे काम पाहून भालजी पेंढारकरांकडे शिफारस केली आणि भालजींच्या 'तांबडी माती' (१९६९) या चित्रपटात दादांचा प्रवेश झाला. भालजींना त्यांनी जन्मभर गुरू मानले. दुसरा एखादा नट येथून पुढे निर्मात्यांच्या दारी खेपा घालीत राहिला असता. दादांनी दोनच वर्षांत स्वतः निर्माता होण्याचे ठरविले. सबनीसांकडून कथा घेतली, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांच्यावर सोपविले आणि १९७१ मध्ये 'सोंगाड्या' काढला. दादरच्या एका चित्रगृहात या चित्रपटास डावलून देव आनंद यांचा हिंदी चित्रपट लावण्याचा घाट घातला गेला, तेव्हा बाळासाहेब ठाकरे यांच्या शिवसैनिकांनी आवाज उठविला आणि 'सोंगाड्या' तेथे लागला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. स्वतःच्या प्रांतात स्वतःच्या भाषेच्या चित्रपटास जागा मिळविण्यासाठी झगडावे लागावे, हेही त्या काळाचे एक चित्रच होय.

त्यानंतर 'एकटा जीव सदाशिव' (१९७२), 'आंधळा मारतो डोळा' (१९७३), आणि दिग्दर्शनाची सूत्रे प्रथमच स्वतःकडे घेतलेला 'पांडू हवालदार' (१९७५), ज्याने अशोक सराफ यांना खरी ओळख दिली. 'तुमचं आमचं जमलं', 'राम राम गंगाराम' ही मालिका पुढे चालूच राहिली. दादांचे ओळीने नऊ चित्रपट पंचवीस-पंचवीस आठवडे चालले आणि त्या विक्रमाची नोंद गिनेस बुकात झाली, हेही आपण जाणताच.

आम्हांस विक्रमापेक्षा त्यामागील व्यवहार अधिक महत्त्वाचा वाटतो. निर्माता तेच, नायक तेच, पुढे दिग्दर्शक तेच, पुष्कळ गाणीही त्यांचीच. उषा चव्हाण, आईच्या भूमिकेत रत्नमाला, गायक महेंद्र कपूर, अशी ठरलेली माणसे त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळली. 'राम-लक्ष्मण' ही संगीतकारांची जोडी तर त्यांनीच नाव देऊन उभी केली. एका चित्रपटाची मिळकत दुसऱ्याच्या बियाण्यास वापरावयाची, हा शेतकऱ्याचा हिशेब होता. राज्य शासनाने मराठी चित्रपटांचा करमणूक कर पुढील मराठी चित्रपट काढण्याच्या अटीवर परत देण्याची योजना आखली, तीही अशा स्वावलंबी निर्मात्यास पूरकच ठरली. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही, की आपला प्रेक्षक कोण, हे त्यांनी कधी विसरू दिले नाही. गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी, तिची लोंबणारी नाडी आणि भाबडा चेहरा, हे सोंग गिरणगावातल्या आणि खेड्यातल्या मनुष्यासाठी होते. पुढच्या रांगेची मर्जी राखावी लागू नये, म्हणून ते मागच्या रांगेच्या पैशावर उभे राहिले. हे सोंगाड्याचे स्वातंत्र्य.

आता दुसरी बाजू. शिक्षकाने चुकीवर तांबडी रेघ मारावयाची नाही तर कोणी मारावयाची? द्व्यर्थी शब्दांवर दादांचा फार भर असे. सेन्सॉरने हरकत घेतली की, शब्द निर्मळ आहे, दुसरा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनातला आहे, अशी त्यांची बाजू असे. युक्तिवाद म्हणून तो बिनतोड आहे. परंतु आम्ही व्याकरण शिकविले असल्याने तो आम्हांस पुरता पटत नाही. १९८४ नंतरच्या त्यांच्या काही हिंदी चित्रपटांची नावे माताभगिनींच्या या सभेत उच्चारण्याचे धाडस आम्हांस होत नाही. ज्याच्यावर मालक नाही त्याला 'पुरे' म्हणणाराही कोणी नसतो. तो लगाम स्वतःच्याच हाती ठेवावा लागतो, आणि दादांच्या हातून तो पुढे सैल सुटला, असे आमचे मत आहे. १४ मार्च १९९८ रोजी ते निवर्तले. 'एकटा जीव' या नावाने त्यांचे आत्मकथन अनिता पाध्ये यांनी शब्दबद्ध केले आहे. हसविणारा मनुष्य किती एकाकी असू शकतो, हे ज्यास जाणावयाचे असेल त्याने ते अवश्य वाचावे.

बंधुभगिनींनो, हे सारे आपल्या ज्ञातिसभेत सांगण्याचे प्रयोजन काय? ते आता निवेदन करतो, आणि ते करताना आम्हांस स्वतःची मान खाली घालावी लागणार आहे.

आम्ही शिक्षक असताना एका स्नेहसंमेलनात आपल्याच ज्ञातीतील एक मुलगा सोंगाड्याचे काम करणार होता. काय त्याची जीभ! काय त्याचे अवधान! तालमीत आम्ही स्वतः पोट धरून हसलो होतो. आयत्या वेळी त्याचे वडील रंगपटात आले आणि तोंडाला रंग लागलेल्या त्या पोरास दंडाला धरून घेऊन गेले. "आपल्या घरातल्या मुलानं ही थेरं करायची, गुरुजी?" असे त्यांनी आम्हांस विचारले. यावर आम्ही काय बोललो? "तुमचं बरोबर आहे," असे बोललो. तो मुलगा पुढे मार्गी लागला, त्याचा प्रपंचही नीट चालला आहे. पण तो आम्हांस भेटला म्हणजे वाकून नमस्कार करतो आणि एक शब्दही विनोदाचा बोलत नाही. कनातीखालून शिरणारा मुलगा मोठेपणी कनातीपाशी राखणदार होऊन उभा राहिला, असा हा आमचा इतिहास आहे.

यंदा आपल्या शिष्यवृत्ती समितीपुढे इतर अर्जांबरोबर एका मुलीचा अर्ज आला. तिला चित्रपटलेखनाचे शिक्षण घ्यावयाचे आहे, आणि तेही विनोदी लेखनाचे. सोबत तिने स्वतः लिहिलेला एक फार्स जोडला होता. समितीच्या बैठकीत तो वाचताना चार वयोवृद्ध सभासद हसले. आणि हसून झाल्यावर 'अशा शिक्षणास नियमांत तरतूद नाही' असे उत्तर एकमताने लिहिले गेले. त्या उत्तराखाली आमचीही सही आहे.

ज्याच्या विनोदास आपण हसतो त्यास मदतीचा हात देताना मात्र आपणांस नियम आठवतो, हे नीतीला धरून आहे काय? डॉक्टर आणि इंजिनिअर आपल्या ज्ञातीचे भूषण आहेतच; तो मान आम्ही कमी करीत नाही. परंतु दादांच्या पाठीशी कोणताही निधी नव्हता. होती ती तिकीट काढून आलेली मागची रांग. प्रत्येकाला ती लाभतेच असे नाही. आपल्या मुलांनी सभ्य विनोद करावा असे आपणांस वाटत असेल, तर तो शिकण्याची सोय सभ्य घरांनीच केली पाहिजे. आपण दार लावून घेतले तर लगाम घालण्याचा अधिकारही आपण गमावतो.

उद्याच्या सर्वसाधारण सभेत शिष्यवृत्तीच्या नियमांत 'नाट्य, चित्रपट व लेखन' हे शब्द घालण्याची सूचना आम्ही मांडणार आहोत. अनुमोदक मिळेल की नाही, हे ठाऊक नाही. मागच्या रांगेतून मघाशी जे मोकळेपणाने हसले, त्यांनी उद्या हातही तितक्याच मोकळेपणाने वर करावा, एवढी विनंती.