जुन्या मोटारीचा मागचा आंस

मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नव्हे. मॅट्रिक झालों, शिक्षकाची सनद घेतली आणि पस्तीस वर्षें मुलांना त्रैराशिक व व्यस्त प्रमाण शिकवीत राहिलों. तेव्हां मोटारीच्या पोटांतील गोष्टी सांगण्याचा तुम्हांला अधिकार काय, असें कोणी विचारल्यास मी एवढेंच म्हणेन कीं, २०२३ सालच्या उन्हाळ्यांत एका मोटारीनें मला व माझ्या सहा वर्षांच्या नातीला भर घाटांत उतरविलें, आणि ती कां थांबली हें समजून घेतल्यावांचून मला चैन पडेना.

माझा मुलगा इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें असतो. त्याच्यापाशीं १९५९ सालची मॉरिस मायनर आहे. ॲलेक इसिगोनिस यांच्या कल्पनेंतून उतरलेली ही छोटी गाडी १९४८ पासून १९७१ पर्यंत निघत होती व सोळा लाखांच्या वर तयार झाली. आपल्याकडेहि याच कुळांतील गाडी 'बेबी हिंदुस्थान' या नांवानें फिरत असे. श्रोत्यांपैकीं वडीलधाऱ्यांना ती आठवत असेल. मुलाच्या गाडीचें मूळ इंजिन ९४८ सी. सी. चें, ३७ अश्वशक्तीचें. तें थकलें म्हणून त्यानें त्याच घराण्यांतील १२७५ सी. सी. चें इंजिन बसवून घेतलें. एम. जी. मिजेट गाडींत हें इंजिन ६५ अश्वशक्ति देत असे. ज्या कारखान्यानें हें काम केलें त्यानें मागच्या आंसाविषयीं अवाक्षरहि काढलें नाहीं.

त्या दिवशीं आम्ही वेल्समधील हॉर्सशू पास नांवाचा घाट चढत होतों. मेंढ्या आडव्या आल्या म्हणून गाडी थांबली. पुन्हां निघतांना मुलानें क्लच जरा झटक्यानें सोडला. मागून खट्दिशी आवाज आला. इंजिन धडधडत होतें, गिअर पडत होता, पण गाडी तसूभरहि पुढें सरेना. हातब्रेक ओढून आम्ही खालीं उतरलों. नातीला गंमत वाटत होती. मला मात्र एकच विचार सुचत होता, कीं हेंच उतरणीवर झालें असतें तर?

उजवीकडील हाफ शाफ्ट तुटला होता. चाक जागेवरच होतें, कारण या गाडींत चाकाचा भार शाफ्टवर नसून आंसाच्या नळीवरील बेअरिंगवर असतो. म्हणूनच हातब्रेकहि लागला. पण एका बाजूचा शाफ्ट तुटल्यानें दोन्ही चाकांचा ओढा कां जावा? याचें उत्तर डिफरन्शियलमध्यें आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर तोडावें लागतें. यासाठीं हें यंत्र दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीनें फिरूं देतें, परंतु जोर मात्र दोघांना सारखाच वांटतें. एकीकडचा आधार नाहींसा झाला कीं तिकडचा जोर शून्य, आणि सारखें वांटप म्हणून दुसरीकडेहि शून्य. इतकें न्यायी यंत्र मीं दुसरें पाहिलें नाहीं!

या डिफरन्शियलमध्यें क्राऊन व पिनियन अशीं दोन दांतेरी चक्रें असतात. मुलाच्या गाडींत क्राऊनला ४१ दांते व पिनियनला ९. पुढें १०९८ सी. सी. च्या मायनरला ३८ व ९ दांत्यांची जोडी आली, आणि मिजेटच्या एका जोडींत ३९ व १० आहेत. हे आंकडे ऐकतांच माझ्यांतला मास्तर जागा झाला. प्रत्येक जोडी सहमूळ संख्यांची! सामाईक विभाजक नसल्यानें पिनियनचा प्रत्येक दांता क्राऊनच्या प्रत्येक दांत्याला पाळीपाळीनें भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी पसरते. हीं चक्रें एकमेकांशीं घांसून जुळविलेलीं असतात, म्हणून बदलावयाचीं तर जोडीनेंच बदलावीं लागतात.

आतां जोराचा हिशेब. पहिल्या गिअरमध्यें गिअरपेटी इंजिनाचा पीळ सुमारें ३.६ पट करते आणि ४१ भागिले ९ मुळें तो आणखी साडेचार पट होतो. म्हणजे चाकांपाशीं सोळा पटींहून अधिक. इंजिनाचाच पीळ जवळजवळ दीडपट झाल्यावर त्या जुन्या शाफ्टनें किती दिवस तग धरावा?

मुलाचा बेत ठरला. फोर्ड एस्कॉर्ट गाडीचा मागचा आंस सबंधच बसवावयाचा. १९६८ ते १९८० पर्यंतच्या या गाड्यांचा आंस दणकट, आणि तिकडील हौशी लोक तो मायनरला लावतात. पण त्याची रुंदी जुळवावी लागते, पाट्यांच्या बैठकी नव्यानें वेल्ड कराव्या लागतात, प्रॉपेलर शाफ्टहि बदलावा लागतो. शिवाय मायनरच्या चाकाचे चार बोल्ट ४ इंच व्यासाच्या वर्तुळावर असतात, तर फोर्डचे १०८ मिलिमीटरच्या. पुढें एक माप व मागें दुसरें असें ठेवलें तर जादा चाक कोणत्या बाजूसाठीं न्यावयाचें? आणि एवढें सारें केल्यावर जोर जाणार कोठें? तो मागच्या पाट्यांना पिळवटणार. मग आंस थडथड उडूं नये म्हणून आडदांडे लावा. एक सांधा बळकट केला कीं ताण पुढच्या सांध्याकडे पाहुणा म्हणून जातो.

माझा खरा आक्षेप निराळा होता. गाडीला चारी चाकांना जुने ड्रम ब्रेकच होते. ३७ अश्वशक्तीसाठीं दिलेले ब्रेक, वर हें इंजिन, आणि मागें बसणार माझी नात! पैसे त्या वर्षीं एकाच कामापुरते होते. मुलगा म्हणाला, "बाबा, गाडी चाललीच नाहीं तर ब्रेक कशाला?" मी म्हणालों, "न चालणारी गाडी कोणाला मारीत नाहीं." दोन दिवस आमचें बोलणें बेताचेंच होतें. सूनबाईंनीं कोणाचीच बाजू घेतली नाहीं. मात्र मुलीला गाडींत बसूं देणार नाहीं एवढें स्पष्ट सांगितलें.

तोड निघाली ती अंकगणितानेंच. मिजेटची ३९-१० ची जोडी जुन्याच आंसांत बसते. तिचें पोलाद काहीं अधिक बळकट नाहीं. पण साडेचारांहून अधिक पटींच्या जागीं ३.९ पट आल्यानें हाफ शाफ्टवरचा पीळ सुमारें सातव्या हिश्श्यानें घटतो. मूळ इंजिनाला ती जोडी चढावर जड गेली असती. मोठ्या इंजिनाला ती सहज पेलते, आणि लांबच्या रस्त्यावर आवाजहि कमी होतो. सोबत अधिक चिवट पोलादाचे दोन नवे हाफ शाफ्ट घेतले. हा खर्च फोर्डच्या आंसापेक्षां पुष्कळच कमी झाला. उरलेल्या पैशांत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसले. हायपॉइड दांत्यांना लागणारें तेल मीं स्वतः बाटलीवरील अक्षरें वाचून भरविलें, कारण हे दांते एकमेकांवर घसरत फिरतात व साधें तेल त्यांच्यामध्यें टिकत नाहीं.

२०२४ सालीं आम्ही पुन्हां तोच घाट चढलों. मेंढ्या होत्याच. मुलानें क्लच हळूच सोडला. फोर्डचा आंस घेण्याचा विचार त्यानें अद्याप सोडलेला नाहीं, आणि ४१ दांत्यांचें जुनें क्राऊन तेल लावून, पिनियनसह, माझ्याच खोलींतल्या खाटेखालीं ठेवलें आहे.